जुन्या गाडीचा रंग काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार साइडला खळ्यात, गोठ्याशेजारी नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जीप, पद्मिनी, राजदूत नाहीतर चेतक उभी असतेच, आणि घरातलं कोणीतरी एक दिवस ठरवतं की आता हिला रंग द्यायचा. तिथून पुढे जे प्रश्न येतात ते बहुतेक तेच तेच असतात म्हणून सगळे इथे एकत्र टाकलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, रंग काढणं हे ताकदीचं काम नाहीये. घाई केली की पत्रा जातो, आणि पत्रा गेला की डेंटरचं बिल रंगापेक्षा मोठं येतं.

"भो, रंग देवाना शे, मंग जुना सगळा काढनाच पडी का?"

नाही. दहातल्या आठ लोकांना वाटतं की पार कोऱ्या पत्र्यापर्यंत गेल्याशिवाय काम पक्कं होत नाही, पण जुना रंग पत्र्याला घट्ट धरून असेल, पोपडे नसतील, भेगा नसतील तर तो एक चांगला बेसच असतो. कंपनीने दिलेला रंग असेल तर अजूनच, त्याखालचा प्रायमर (पत्र्यावरचा पहिला थर) तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला बसलेला असतो. तिथे घासून, कडा उतरत्या करून वरून नवीन रंग चालतो.

चेक असं करा: नव्या ब्लेडने रंगावर बारीक चौकटी पाडा, वर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे तुकडे चिकटून आले तर तो रंग जाणारच, त्याच्यावर कितीही भारी पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारलं तरी खालचा त्याला घेऊन पडणार. चार-पाच थर चढलेले असतील, मगरीच्या कातडीसारख्या भेगा असतील, फुगे असतील तर पूर्ण काढा. फुग्याखाली जवळजवळ नेहमी गंज असतो.

कोणत्या जातीचा रंग आहे हे कसं कळणार?

पांढऱ्या फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घ्या आणि सीटखाली वगैरे, जिथे दिसत नाही तिथे चोळा. रंग विरघळून फडक्यावर आला तर ती नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे. सुरकुत्या पडल्या, मऊ झाला तर सिंथेटिक इनॅमल, म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांचा जुना आवडता. काहीच झालं नाही तर पीयू किंवा भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग.

हे माहीत असणं का गरजेचं, तर इनॅमलवर सरळ पीयू मारलं तर त्यातल्या थिनरने खालचा इनॅमल उचलतो, अख्ख्या बॉनेटवर सुरकुत्या येतात आणि मग लोक म्हणतात पेंटरने खराब माल वापरला. माल बरोबर असतो, खाली काय आहे ते कोणी बघितलेलं नसतं.

खाली पुट्टी किती भरलीये ते रंग न काढता कळतं का?

बऱ्यापैकी. फ्रिजवर लावतात तसला हलका लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे पुट्टी, जिथे गळून पडतो तिथे पुट्टीचा जाड थर नाहीतर फायबर. मडगार्डच्या कडा, दरवाजाचा खालचा भाग, चेतकच्या फ्लोअरची खालची बाजू या ठिकाणी आधी बघा. बोटाच्या टिचकीने पण कळतं, पुट्टीचा आवाज बद्द येतो.

जुनी पुट्टी निघाल्यावर खालून जे दिसेल त्याची मनाची तयारी ठेवा. कधीकधी पुट्टीच पत्र्याचं काम करत असते, मागे काहीच नसतं.

स्ट्रिपर, ग्राइंडर, हीट गन, सँडब्लास्टिंग, यातलं बेस्ट कोणतं?

एका गाडीला एकच पद्धत, हे डोक्यातून काढा. मोठे सपाट भाग म्हणजे बॉनेट, छत, दरवाजे यांना केमिकल स्ट्रिपर (रंग मऊ करून उचलणारं रसायन) नाहीतर ऑर्बिटल सँडर (घासायचं मशीन). कडा, जोड, कोपरे हाताने सँडपेपर मारून. चेसिस, व्हील डिस्क, अॅक्सल, ब्रॅकेट हे ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या जोराने रेतीसारखे दाणे मारून. पुट्टी जाड असेल तर ८० नंबरचा पेपर लावून सँडरने. खाली एकेकाचं लिहिलंय.

स्ट्रिपर लावायची बरोबर पद्धत कोणती?

आधी गाडी धुवा, वॅक्स-ग्रीस काढा, मग रंगावर ४० किंवा ८० नंबरच्या पेपरने ओरखडे पाडा म्हणजे केमिकल आत शिरतं. पॅनेलच्या कडांपासून दोनेक इंच आत मास्किंग टेप लावा, आणि हे विसरू नका, कारण जोडात शिरलेला स्ट्रिपर धुतला तरी निघत नाही आणि महिनाभराने नव्या रंगाखालून बाहेर येऊन तोच रंग उचलतो. कडा नंतर हाताने घासायच्या.

स्ट्रिपर जाड थापायचा, एकाच दिशेने, आणि पुन्हा त्याच्यावर ब्रश फिरवायचा नाही. वर एक पातळ मेणाची कातडी धरते, ती मोडली की वाफ उडून जाते आणि केमिकल तिथेच मरतं. लावल्यावर वरून प्लास्टिकचा कागद झाकून टाका. दहा-वीस मिनिटांत रंग तव्यावरच्या पापडासारखा फुगून वर येतो, मग प्लास्टिकच्या पत्तीने लोटून घ्यायचा. लोखंडी पत्ती वापरायचीच तर तिचे कोपरे कानशीने गोल करून घ्या नाहीतर पत्र्यावर कायमच्या रेघा. सगळे थर एका वेळेला येत नाहीत, दुसरा हात लागतो, त्यात नवल काही नाही. शेवटी डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने पुसून काढा.

रबर, काच, क्रोम, टेललाइट झाका. फायबर आणि प्लास्टिकच्या पार्टला स्ट्रिपर लावूच नका, तो रंगासोबत पार्ट पण खातो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत करू म्हणतोय, मे महिन्यात. चालेल ना?

भाऊ, मे महिन्यात भुसावळला माणूस सावलीत शिजतो, तिथे स्ट्रिपरचं काय. आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. बऱ्याच जोरदार रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं आणि त्याचा उकळबिंदू साधारण ४० अंश आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी गरम. म्हणजे लावल्या लावल्या ते वाफ होऊन उडतं, रंग अर्धवट मऊ होऊन परत चिकटतो आणि वाफ सगळी तुमच्या नाकात. डबासुद्धा फुगतो, झाकण एकदम उघडलं तर तोंडावर फवारा येतो. डबा आधी गार पाण्याच्या बादलीत ठेवा, बाहेरून पुसा आणि मग झाकणावर फडकं धरून हळूहळू ढिलं करा.

पावसाळ्यात वेगळीच बोंब, सकाळी चकचकीत केलेला पत्रा संध्याकाळी केशरी. आपल्याकडे दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे भरीत पार्ट्यांचा सीझन, तोच रंग काढायचा सीझन. हवा कोरडी, ऊन सहन होण्यासारखं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी लवकर, सावलीत, आणि पत्र्याला हात ठेवता येतोय तोवरच.

मास्क लावला की झालं ना?

कापडी रुमाल किंवा धुळीचा पांढरा मास्क वाफेला काहीही अडवत नाही. मिथिलीन क्लोराइडची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणून बंद शेडमध्ये किंवा गाडीच्या आत वाकून काम करणं सगळ्यात धोक्याचं. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो. घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल तर त्यांनी तिथे उभं पण राहू नये. बंद जागेत काम करताना माणसं मेलीत म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना हे असलेला पेंट रिमूव्हर विकणं बंद केलं. वाफ शोषणारी डबी (कार्ट्रिज) लावलेला साधा मास्कसुद्धा या वाफेपुढे लवकर हात टेकतो. त्यामुळे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने वारा घेऊन काम करा. चक्कर, डोकं जड, तोंडात गोडसर चव, काहीही वाटलं की उठून लांब जा.

ग्लोव्हजचं पण तसंच, डॉक्टरकडचे पातळ ग्लोव्हज मिनिटांत झिरपतात. लॅमिनेटवाले मिळाले तर ते आत आणि वरून जाड रबराचे. चष्मा तर पाहिजेच.

बेन्झिल अल्कोहोलवाले रिमूव्हर पण मिळतात, स्लो आहेत, पण वास आणि धोका कमी. घाई नसेल तर तेच घ्या.

कॉस्टिक सोड्याने फुकटात निघतो म्हणतात?

निघतो, जुना इनॅमल तर मस्त निघतो. लोखंडी छोटे पार्ट, ब्रॅकेट, स्टँड, हँडलचे तुकडे असं बुडवायला ठीक. पण अॅल्युमिनियम चुकूनही नको. बुलेट-राजदूतच्या इंजिनचे केसिंग, चेतकचे हब, कार्ब्युरेटर हे सोड्यात टाकले की फसफसून हायड्रोजन वायू सुटतो आणि पार्ट खाल्ला जातो. गॅल्व्हनाइज्ड पार्टचं पण तेच.

द्रावण करताना सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, ते उकळून अंगावर येतं. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. अख्ख्या बॉडीवर सोडा चोपडणारे पण बघितलेत, मग तो जोडात राहतो आणि पुढची दोन वर्षं तिथला रंग धरत नाही.

सँडब्लास्टिंगवाला म्हणतो अख्खी बॉडी एका दिवसात करून देतो…

करून देईल. पण त्याचं रोजचं काम कसलं आहे ते बघा. एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या टाक्या, पाइप, गर्डर ब्लास्ट करणाऱ्याला जाड लोखंडाची सवय असते, तोच प्रेशर तो पद्मिनीच्या बॉनेटवर मारतो. दाण्यांच्या माऱ्याने पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि बॉनेट लाटा उठल्यासारखं वाकडं होतं. हे उष्णतेपेक्षा ठोकाठोकीमुळे जास्त होतं, म्हणून पाणी मारून वाचत नाही. एकदा ताणलेला पत्रा सरळ करायला चांगला डेंटर लागतो आणि चांगला डेंटर आता मिळतो कुठे.

चेसिस, चाकं, सस्पेन्शन बिनधास्त द्या. इंजिन, गिअरबॉक्स, बेअरिंग काढून ठेवा नाहीतर सगळी भोकं ठोकून बंद करा, रेती कुठेही जाते. आणि साधी नदीची रेती वापरणाऱ्याकडे उभं राहू नका, सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. गार्नेट नाहीतर काचेचे मणी वापरतो का ते विचारा. तापीची वाळू फुकट मिळते हे कारण पुरेसं नाही.

ग्राइंडरला वायर ब्रश लावला की पटकन होतं, त्यात वाईट काय?

पटकन होतं हेच वाईट. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की पत्रा तापून निळा पडतो आणि आकसतो. फ्लॅप डिस्क रंगाबरोबर लोखंड पण घासते, साठ वर्षांचा पत्रा आधीच झिजलेला, त्यात अजून पातळ करायचा कशाला. वायर ब्रश गंज काढत नाही, त्याला पॉलिश करून चमकवतो, तुम्हाला वाटतं साफ झालं. काळी स्पंजसारखी स्ट्रिप डिस्क मिळते ती त्यातल्या त्यात बरी, स्पीड कमी ठेवून. वायरचे तुकडे बंदुकीसारखे उडतात, चष्म्याशिवाय मशीन चालू करू नका.

राजदूतच्या टाकीला हीट गन मारू का?

नाही. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ असते. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली दिसते तरी जोडात, गाळात वाफ राहते. टाकीला हीट गन नाही, ग्राइंडरच्या ठिणग्या नाहीत, वेल्डिंग तर नाहीच नाही. स्ट्रिपर आणि हात.

जुन्या रंगात शिसं असतं म्हणतात, खरं आहे का?

जुन्या रंगात, विशेषतः पिवळा, केशरी, लाल आणि काही हिरव्या छटांमध्ये शिशाची पिगमेंट सर्रास वापरायचे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तो गाड्यांच्या रंगासाठी नाहीच. त्यामुळे जुन्या गाडीच्या रंगात शिसं आहे असं धरूनच चाला. कोरडं घासलं की ती धूळ हवेत, कपड्यांवर, आणि तेच कपडे घालून तुम्ही पोराला उचलता. जुन्या रंगाचे वरचे थर ओला वॉटर पेपर मारून काढा म्हणजे धूळ उडत नाही, कोऱ्या पत्र्याजवळ आल्यावर मात्र पाणी बंद. कपडे वेगळे धुवा, हात धुतल्याशिवाय चहा-बिडी नाही.

कोरा पत्रा किती दिवस तसाच ठेवता येतो?

दिवस नाही, तास मोजा. म्हणून अख्खी गाडी एकदम उघडी करायची नाही, आज जेवढं प्रायमरखाली झाकता येईल तेवढंच आज उघडायचं. सकाळी एक दरवाजा, संध्याकाळी त्याला इपॉक्सी प्रायमर, उद्या दुसरा. फोटोसाठी चांदीसारखी गाडी अंगणात उभी करायची हौस असते लोकांना, मग लग्नसराई येते, कपाशी वेचणी येते, गाडी राहते तशीच. उघड्या हाताने पत्र्याला शिवू पण नका, घामाच्या बोटांचे ठसे चार दिवसांत गंज होऊन उमटतात.

गंज राहिला असेल तर फॉस्फोरिक अॅसिडवाला रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं केमिकल) लावा पण नंतर तो नीट काढून टाका, कारण अॅसिड शिल्लक राहिलं तर इपॉक्सी त्यावर धरत नाही. आणि नुसत्या रेड ऑक्साइड प्रायमरवर गाडी महिनोन् महिने सोडू नका, तो पाणी पितो. प्रायमर मारण्यापूर्वी रॉकेल-डिझेलने पुसायची गॅरेजची जुनी खोड आहे, तिने तेलाचा थर राहतो, वॅक्स-ग्रीस रिमूव्हर नाहीतर स्वच्छ थिनर वापरा, एका फडक्याने ओलं आणि लगेच दुसऱ्याने कोरडं.

धुवायला बोअरचं पाणी चालेल?

पहिल्या धुण्याला चालेल. बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं, वाळलं की पांढरे डाग, म्हणजे क्षार. ते रंगाखाली राहिले की ओलावा ओढतात आणि फुगे येतात. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा द्या आणि कॉम्प्रेसरच्या हवेने जोड सुकवा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढलं का?

चेसिस नंबरच्या जागी पण घासायचं का?

तिथे मशीन लावूच नका. नंबरची अक्षरं पुसट झाली की आरटीओला ती छेडछाड दिसते, आणि मग तुम्ही कितीही खरं बोला. स्ट्रिपर आणि जुना दात घासायचा ब्रश, बस. आधी-नंतरचे फोटो काढा, पेन्सिलने कागदावर छाप घेऊन ठेवा. रिव्हेट मारलेल्या प्लेट काढू नका, आजूबाजूने टेप लावा.

घासताना खाली लष्करी हिरवा निघाला, तोच परत मारू?

जीपवाल्यांचा हा हमखास प्रश्न. लिलावात घेतलेल्या जीपा आपल्याकडे खूप आल्या. चोपड्याकडच्या एका जीपच्या बॉनेटवर नाण्याएवढी जागा ८० पासून ४०० पेपरपर्यंत घासत गेलो तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसली, वर पांढरा, खाली मरून, मग राखाडी प्रायमर, आणि तळाशी तो मातकट हिरवा. असं घासून बघाच, मूळ रंग कळायला यापेक्षा सोपा उपाय नाही. डॅशबोर्डच्या मागे, दरवाजाच्या रबराखाली उन्ह न लागलेला खरा शेड सापडतो.

पण तो हिरवा परत मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाकी कोणताही वेगळा रंग देणार असाल तर आरसी बुकात रंगाची नोंद बदलून घ्या, नाहीतर विमा क्लेमच्या वेळी वांधे.

व्हिंटेज नोंदणी करायचीये, रंग बदलला तर अडतं का?

२०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली आणि चेसिस, बॉडी शेल, इंजिनमध्ये मोठे बदल न केलेली, ती व्हिंटेज. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही. त्यामुळे सडलेला भाग कापून नवीन पत्रा लावायच्या आधी आरटीओत किंवा व्हिंटेज गाड्यांच्या क्लबवाल्यांशी बोला, आणि रंगाच्या बाबतीत मूळ शेडच्या जवळ राहिलेलं बरं.

दरवाजावर आजोबांचं नाव पेंटरने हाताने लिहिलंय, ते वाचवता येईल?

खालचा रंग घट्ट असेल तर तेवढा भाग झाकून बाकी करता येतं पण जोड दिसतोच. त्यापेक्षा बटर पेपर लावून अक्षरं उतरवून घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवून समोरून फोटो काढा, आणि नवीन रंगावर बोर्ड पेंटरकडून पुन्हा लिहून घ्या. स्टिकर नको. हाताने लिहिणारे पेंटर अमळनेर, पाचोरा, शहादा, कुठेही शोधले तर अजून मिळतात.

निघालेला रंग, फडकी कुठे टाकायची?

कामाखाली ताडपत्री अंथरा म्हणजे पोपडे मातीत जाणार नाहीत. नाल्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर नको, उकिरडा शेवटी शेतातच जातो. शिशाची चव गोडसर असते, गुरं चाटतात, वासरू मरायला फार लागत नाही. शेकोटीत जाळू नका, थंडीत हे सर्रास होतं. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि नगरपालिकेत घातक कचरा घेतात का ते विचारून द्या. थिनरची फडकी मात्र आधी उघड्यावर पसरून वाळवा, गोळा करून कोपऱ्यात टाकली की पेट घ्यायला निमित्त.

अर्धा डबा स्ट्रिपर उरलाय, पुढच्या वर्षी चालेल?

पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर नाही, एप्रिलमध्येच फुगेल. घरात गार कोपऱ्यात, पोरांच्या हाताबाहेर, झाकण घट्ट. पाण्याच्या किंवा तेलाच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवू नका, कोणीतरी पिऊन टाकेल. पुढच्या वेळी छोटा डबा घ्या, दोन दरवाजांना तेवढा पुरतो.